बाहेरची कडी

"बाबा, कडीला हात लावू नका हां," ती आतून म्हणाली, आणि म्हणेपर्यंत कडी सरकलीच.

हातातलं फडकं ओट्यावर टाकून तिने दार ओढून पाहिलं. दार खालच्या बाजूने बोटभर हललं, वरून घट्ट राहिलं. ओट्यावरच्या गोल ओव्हनमध्ये केक नुकताच ठेवला होता. झाकणातल्या काचेतून पिवळं मिश्रण दिसत होतं, अजून पातळ, अजून सपाट. घड्याळात बारा वाजायला पंचवीस मिनिटं कमी होती.

"बाबा?"

"बंद झालं," बाबा बाहेरून म्हणाले. आवाजात समाधान होतं. "आता उद्या दहाला."

"खुर्चीवरून उतरलात का? आधी खाली उतरा. हळू."

खुर्ची करकरली. मग चपला फरशीवर घासत बैठकीच्या खोलीकडे गेल्या. तिचा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यापुरताच.

ही कडी तिनेच लावून घेतली होती. सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी ती आंघोळीहून बाहेर आली तर गॅसची दोन्ही बटणं उघडी आणि बाबा शेगडीजवळ हाताची घडी घालून उभे. त्याच दिवशी तिने सुताराला बोलावलं. सुतार म्हणाला, "बाई, कडी आतून असते." ती म्हणाली, "ही बाहेरून लावा. आणि उंच लावा." घरातल्या बाकीच्या सगळ्या कड्या मात्र तिने त्याच्याकडून काढून घेतल्या, कारण उघडं दार दिसलं की बाबा ते बंद करायचे. चौतीस वर्षं त्यांनी धान्याचं गोदाम सांभाळलं होतं. आता डोक्यातली माणसं येऊन-जाऊन होती, वार आणि महिने तर कधीच गेले होते, पण हातांना कुलूप-कडी पाठ होती. संडासात ती दोनदा अडकली होती. स्वयंपाकघराची कडी मात्र त्यांच्या हाताला लागणार नाही, असं तिने धरलं होतं. त्यांना खुर्ची सुचेल हे तिला सुचलं नव्हतं. खुर्ची ओढल्याचा आवाज तिने ऐकला होता. पण त्या वेळी ती मिश्रण डब्यात ओतत होती, आणि या खेपेला केक बिघडवायचा नाही असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

या खेपेला, कारण हा तिसरा केक होता.

ती आवक-जावक शाखेत कारकून होती. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचं; जाणाऱ्या पत्राचंही तेच. सव्वीस वर्षं हेच काम केल्यामुळे ऑफिसात तिला सगळे 'आवक-जावक' म्हणायचे. शिपाईसुद्धा तोंडावर 'मॅडम' आणि पाठीमागे 'आवक-जावक' म्हणायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. एकदा फक्त ती टायपिस्ट मैत्रिणीला म्हणाली होती, "नाव चुकलंय गं. माझ्याकडे सगळी आवकच आहे. जावक कुठेय?" मैत्रीण इतकी हसली की तिला ठसका लागला.

या मैत्रिणीचं नाव 'खटखट' पडलं होतं, मशीनवर ती ज्या वेगाने बोटं चालवायची त्यावरून. ओव्हन खटखटचाच. तिने नवा घेतल्यावर जुना हिच्या गळ्यात मारला होता. केकची कृतीही तिनेच ऑफिसच्या मशीनवर टाइप करून दिली होती, वर 'विषय : अंड्याचा केक करणेबाबत' असं लिहून. खाली मुद्दे होते. 'मैदा दोन वाट्या, चाळून घेण्यात यावा. साखर व लोणी एकजीव होईपर्यंत फेटण्यात यावे. ओव्हनचे झाकण चाळीस मिनिटांच्या आत कोणत्याही कारणास्तव उघडण्यात येऊ नये.' शेवटी 'आपली विश्वासू' आणि सही. एक कार्बन प्रत 'माहितीसाठी'.

केकचा विषय भाचीने काढला होता. वर्षअखेरच्या सुट्टीत दादा, वहिनी आणि भाची इकडे येऊन पाच दिवस बाबांजवळ राहणार, आणि त्या पाच दिवसांत ती खटखटबरोबर डोंगरावरच्या एका गावी जाणार, असं ठरलं होतं. बाबा विसरायला लागल्यापासूनच्या नऊ वर्षांत ती एका रात्रीसाठीही घराबाहेर राहिली नव्हती. फोनवर हे सगळं ठरत असताना भाचीने मधेच फोन हिसकावला होता. "आत्या, केक करून ठेवशील? विकतचा नको. घरी केलेला."

"करते की," तिने सांगून टाकलं. त्याआधी तिने आयुष्यात केक केला नव्हता.

पहिला केक गेल्या रविवारी केला. केक आत गेला आणि बाबा बाहेर गेले. ती धावत जिना उतरली, फाटकाजवळ त्यांना गाठलं, समजावत, गप्पा मारत वर आणलं. तोवर केक भट्टीतल्या विटेसारखा झाला होता. सुरीने कापला जाईना. बाबांनी बोटाने वाजवून पाहिला आणि म्हणाले, "टिकाऊ आहे." त्या दिवसापासून पुढच्या दाराला कुलूप आणि किल्ली तिच्या गळ्यात.

दुसरा केक बुधवारी. चाळीस मिनिटांनी झाकण उघडलं तर आत सगळं तसंच ओलं, गार. बाबांनी मेन स्विच बंद केला होता. गोदाम सोडताना आधी दिवे बंद करायचे असतात.

आज तिसरा. दादाची गाडी बाराच्या सुमाराला पोचणार होती. चार वाजताच्या बसने तिला निघायचं होतं. साडेअकराला तिने बाबांना मधुमेहाची गोळी दिली, केक ओव्हनमध्ये ठेवला आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.

ताट ओट्यावर होतं. भात, भाजी, वाटीत दही. ताटाकडे बघितल्यावर तिला गोळी आठवली.

गोळी पोटात गेली की अर्ध्या तासात जेवण जायला हवं. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. नाहीतर साखर उतरते, घाम येतो, माणूस बसल्या जागी कलंडतो. आणि बाबांचं जेवण आत होतं, बाबा बाहेर होते, आणि मधली कडी काढायला त्यांना पुन्हा खुर्चीवर चढावं लागणार होतं.

"बाबा, दार उघडा. तुमचं जेवण आत आहे."

"वेळ संपली."

"अहो बाबा, मी आहे. मी. आत अडकलेय."

"अर्ज करा," बाबा म्हणाले. "साहेब आले की बघतील."

तिने सुरी घेतली आणि दाराच्या फटीतून वर सरकवली. फट चांगली बारीक होती, सुताराने काम नीट केलं होतं. सुरीचं टोक कडीला टेकलं आणि वाकलं. खिडकीला जाळी होती. जाळीतून मागचं आवार दिसत होतं, पाण्याची टाकी आणि समोरच्या इमारतीच्या बंद खिडक्या. सुट्टी होती, जो तो कुठे ना कुठे गेला होता. तिने ताटलीवर पळी बडवली. "कोणी आहे का हो? अहो, कोणी ऐकतंय का?" टाकीवरचं कबूतर तेवढं उडालं. फाटकावरच्या रखवालदाराच्या रेडिओचा आवाज येत होता, म्हणजे त्याला काही ऐकू जाणार नव्हतं.

दादा येईलच, ती स्वतःला म्हणाली. पण आला तरी पुढच्या दाराला कुलूप, आणि किल्ली आपल्या गळ्यात. तिने किल्ली मुठीत धरली. घामाने ओली झाली होती.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना बाहेर फोन वाजला. ती दाराला कान लावून उभी राहिली. सहा-सात वेळा वाजल्यावर बाबांनी उचलला.

"हॅलो... हो, गोदामातून बोलतोय... हो... हो... बरं... ठीक आहे, सांगतो."

"बाबा, कोण आहे? दादा आहे का? फोन ठेवू नका! त्याला सांगा, मी आत आहे. बाबा, ठेवू नका!"

फोन ठेवल्याचा आवाज आला.

"कोण होतं?"

"गाडी येत नाही म्हणाला."

"कोण म्हणाला? दादा?"

"या महिन्यात नाही. पुढच्या महिन्यात बघू म्हणाला." बाबा जरा थांबले. "असंच करतात हे. आपण जागा करून ठेवायची आणि ऐन वेळी माल नाही."

ती दारालाच टेकून उभी राहिली. बाबांना काहीही ऐकू येतं, कशाचंही काहीही होतं, हे तिला माहीत होतं. दूधवाल्याचा फोन असेल. चुकून लागलेला असेल. तरी आतून तिला कळलं होतं. दादा दरवर्षी येतो म्हणायचा. या वर्षी तो तारीख घालून म्हणाला होता, एवढाच काय तो फरक होता.

ओव्हनच्या काचेतून केक मधोमध फुगायला लागलेला दिसला. खोलीभर लोण्याचा वास सुटला होता.

"बाबा, तुम्हाला कसं वाटतंय? डोकं गरगरतंय का?"

मग बऱ्याच वेळाने, "उकडतंय."

थंडीचे दिवस होते. सकाळी त्यांनी अंगावरचं स्वेटर काढू दिलं नव्हतं.

तिच्या मनात एक गोष्ट आली आणि ती करताना तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने आवाज थोडा खाली आणला, आईचा होता तसा. आई गेली त्याला अकरा वर्षं झाली होती. "अहो," ती म्हणाली, "ऐकलंत का? दार उघडता ना जरा?"

चपला दारापाशी आल्या. बाबांचा श्वास तिला दारापलीकडून ऐकू आला.

"तू तर गेलीस ना?" ते हळू आवाजात म्हणाले.

तिने दारावरचा हात मागे घेतला.

"मी स्वतः गेलो होतो पोचवायला," बाबा म्हणाले. "तू आत कशी?"

"नाही बाबा. मीच आहे. चुकलं माझं. मी उगाच..." ती दारापाशी खाली बसली. पदराने डोळे पुसले आणि मैदा डोळ्यांत गेला, ते आणखी चुरचुरायला लागले. पलीकडे बाबाही बसले असावेत. भिंतीला पाठ घासल्याचा आवाज आला. त्यांच्या श्वासाला आता एक जडपणा होता.

बारा वाजून दहा मिनिटं.

दार आणि फरशी यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढी फट होती. ती तिला बसल्यावर दिसली. तिने उठून साखरेचा डबा काढला. खटखटची कृती ओट्यावर होती, चांगल्या जाड कागदावर. तिने त्यावर दोन चमचे साखर पातळ पसरली आणि कागद फटीतून बाहेर सरकवला.

"बाबा, तिथे साखर आहे बघा. खा ती. तोंडात टाका."

"सांडलीय," बाबा म्हणाले. जीभ जड झाली होती. "कोणी सांडली? मुंग्या होतील."

"सांडली नाही. तुमच्यासाठी आहे."

"माल सांडायचा नाही. किती वेळा सांगायचं?"

ती ओठ चावत बसली. मग लहानपणचं काहीतरी आठवलं म्हणून, की सुचेल ते करून बघायचं म्हणून, ती ऑफिसात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "नमुना आणलाय साहेब. नवीन पोती आलीत साखरेची. तुम्ही बघून सांगा."

कागद पलीकडे ओढला गेला.

"कोरडी दिसतेय," बाबा म्हणाले.

"चाखून बघा ना."

"हं."

"कशी आहे?"

"बरी आहे."

"एवढ्याशाने कळतं का साहेब? नीट घ्या. मूठभर घ्या. उद्या वरून विचारलं तर काय सांगणार?"

बाबांना ते पटलं. ते चाखत राहिले. तिने दुसरा कागद, मग तिसरा सरकवला. कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्यावर. पलीकडून दातांत साखर कुरकुरल्याचा बारीक आवाज येत होता. इतकं गोड ऐकणं तिच्या वाट्याला क्वचितच आलं होतं.

मधे उठून तिने ओव्हन बंद केला. चाळीस मिनिटं झाली होती. झाकण काढलं. केक कडेने सोनेरी, मधे गोल फुगलेला. तिने सुरी खुपसून बाहेर काढली, कोरडी आली. दोन वेळा जो केक बिघडला, तो आज झाला, कारण आज तिला ओव्हनजवळून हलायलाच मिळालं नव्हतं. तिला त्याचं हसू आलं, आणि हसू येतंय याचा रागही आला.

"पास," बाबा बाहेरून म्हणाले. आवाज सुधारला होता. "ठेवून घ्या."

"साहेब," ती परत दाराशी बसत म्हणाली, "एक विचारू?"

"विचारा."

शाळेत असताना ती संध्याकाळी बाबांना आणायला गोदामात जायची. आत पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत, आणि अंधार. हमाल निघून गेले की बाबा दारात उभे राहायचे आणि त्या अंधारात तोंड घालून मोठ्याने विचारायचे. एकदा, दोनदा, तीनदा. उत्तर कधीच यायचं नाही. तरी तिसऱ्यांदा विचारून, तेवढं थांबूनच ते दार ओढायचे. ती कंटाळून त्यांचा हात ओढायची. "बाबा, कोणी नाहीये, चला ना." ते म्हणायचे, "नसेल. पण असलं तर?"

"तुम्ही दार लावलंत," ती म्हणाली. "लावायच्या आधी विचारलं होतंत का?"

पलीकडे हालचाल थांबली.

"काय?"

"तीनदा विचारायचं असतं ना? आज विचारलंत?"

मग त्यांच्या उठण्याचा आवाज आला, आधी एक गुडघा, मग दुसरा, भिंतीचा आधार. ते अगदी दाराशी आले. घसा साफ केला. आणि त्यांचा तो मोठा आवाज, जो तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, दारावर आदळला.

"कोणी आहे का आत?"

तिला वाटलं होतं, आपण लगेच ओरडू. पण ती तो प्रश्नच ऐकत राहिली. या घरात तिला काय काय विचारलं जायचं. जेवण झालं का, गोळ्या आणल्या का, दादाचा फोन आला का. हे कोणी विचारलं नव्हतं.

"कोणी आहे का आत?"

"आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "आहे. मी आहे आत."

"अरे देवा," बाबा म्हणाले. "माणूस राहिलं आत!"

"सावकाश. खुर्ची भिंतीला टेकवा. आधी भिंतीला हात धरा, मग चढा. घाई नाही."

"थांबा हां. घाबरू नका. काढतो. घाबरू नका तुम्ही."

खुर्ची ओढली गेली. करकरली. ती दाराला दोन्ही तळवे लावून उभी राहिली, जणू त्या बाजूने त्यांना सावरता आलं असतं. कडी जराशी हलली, अडकली, पुन्हा हलली. मग सुटली. दार उघडताना तिने आधी खुर्चीचे पाय पाहिले, मग बाबांना. ते कडीला धरून वर उभे होते, कपाळावर घाम, हनुवटीला साखर चिकटलेली. तिने त्यांना कमरेला मिठी मारून खाली उतरवलं. ते थरथरत होते.

"चूक झाली माझी," ते म्हणाले. "चौतीस वर्षांत एकदाही झाली नव्हती. वर कळवू नका."

"नाही कळवणार."

"फार वेळ होतात का आत?"

"नाही," ती म्हणाली. "चला, जेवून घ्या."

तिने त्यांना पुढ्यात बसून भरवलं. भात संपला, दही संपलं. चेहऱ्यावर रंग आला. मग ती फोनपाशी गेली.

दादाच्या घरी वहिनीने उचलला आणि लगेच दादाला दिला.

"अगं, मघाशीच केला होता ना फोन," दादा म्हणाला. "बाबांना सांगितलंय सगळं. हिच्या भावाकडे सगळे जमलेत, पोरीला तिकडेच राहायचंय. हट्टच धरून बसली. म्हटलं पुढच्या महिन्यात निवांत येऊ."

"माझी चारची बस होती, दादा."

"हो गं, माहितीय. पण आता पर्यायच नव्हता. तू पुढच्या महिन्यात जा की. ते डोंगर कुठे पळतायत?" तो हसला. मग आवाज बदलून म्हणाला, "बाकी बाबा चांगले बोलले हं. 'बरं, ठीक आहे, सांगतो' म्हणाले. अगदी व्यवस्थित. तू सांगतेस तेवढे काही बिघडलेले नाहीत वाटत."

तिने तोंड उघडलं. कडी, गोळी, साखर, खुर्ची, सगळं जिभेवर आलं. एवढं सगळं आणि कुठून सुरू करायचं? पलीकडे हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. भाचीने फोन घेतला.

"आत्या, केक झाला?"

"झाला."

"चांगला झाला?"

"खूप चांगला."

"मला ठेव हां!"

"पुढच्या महिन्यापर्यंत?" ती म्हणाली. पण तोवर फोन पुन्हा दादाकडे गेला होता आणि दादा म्हणत होता, "चल मग, ठेवतो. काळजी घे."

खटखटला सांगायला तिला जास्त धीर लागला. खटखट एकदम चिडली नाही, म्हणूनच बोलणं अवघड गेलं.

"मी नाही जात," खटखट म्हणाली. "मी तुझ्याकडे येते."

"वेडी आहेस का? जा तू."

"एकटी जाऊन काय करू? डोंगराशी बोलू?"

"माझ्यासाठी बघून ये. आल्यावर टाइप करून दे सगळं. विषय, संदर्भ, सगळं घालून."

खटखट हसली नाही. "तू कधी निघणार गं?" असं तिने विचारलं. आजच्या बसबद्दल ती विचारत नव्हती हे दोघींनाही समजलं.

"बघू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तीनच्या सुमाराला तिने चहा केला आणि केक कापला. सुरी सरळ खाली गेली. आतून एकसारखा, मऊ, कुठे कच्चा नाही. बाबांना डॉक्टरांनी गोड मना केलं होतं आणि आज दुपारी त्यांनी नुसती साखर खाल्ली होती. तिने त्यांना पातळसा काप दिला, स्वतःला जाड घेतला. दोघं बैठकीच्या खोलीत समोरासमोर बसून खात होते. बाबा एकेक चिमूट तोडून तोंडात टाकत होते, आणि दर वेळी मान हलवत होते.

"कोणी केला?"

"मी."

"वा," ते म्हणाले. "हात चांगला आहे तुमचा. नोकरी करता का कुठे?"

"करते."

"घरी कोण कोण?"

"वडील आहेत."

"हं." त्यांनी बशी खाली ठेवली, बोटं पुसली आणि तिच्याकडे काळजीने पाहिलं. त्या चेहऱ्यावर ओळख अजिबात नव्हती, पण माया होती. "मग तुम्ही निघा आता. फार थांबलात आमच्यासाठी. दिवस लहान आहेत. घरी म्हातारा वाट बघत असेल."

ते उठले. दाराजवळ तिची बॅग भरून ठेवलेली होती. पाच दिवसांचे कपडे, वर घडी केलेली शाल. बाबांनी ती उचलून तिच्या हातात दिली. नाही म्हणावं, असं तिला एकदाही वाटलं नाही. तिने गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि बाहेर पडली. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "सांभाळून जा," आणि त्यांनी दार लावून घेतलं.

जिन्यात कोणी नव्हतं. शेजारच्या तिन्ही दारांना कुलपं होती, पायपुसणी गुंडाळून ठेवलेली. ती चार पायऱ्या उतरली आणि पाचवीवर बसली, बॅग मांडीवर घेऊन. इथून तिला आपलं दार दिसत होतं. उघडलं असतं तर ती दोन ढांगांत पोचली असती. जिन्याच्या खिडकीतून ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. तिने पाय लांब केले. बॅगेच्या कप्प्यातून बसचं तिकीट काढून वाचलं, परत ठेवलं. कोणी तिला हाक मारली नाही. खाली कुठेतरी नळ ठिबकत होता. ती नुसती बसली होती, आणि ऊन तिच्या घोट्यांपासून पोटऱ्यांपर्यंत चढलं.

मग ती उठली, साडी झटकली, पायऱ्या चढली आणि किल्ली हातात असूनही तिने घंटी वाजवली.

दार उघडायला वेळ लागला. बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे.

"या, या," ते म्हणाले. "लांबून आलात?"

"नाही," ती म्हणाली. "इथेच असते मी."

बाबांनी दोन्ही हातांनी तिची बॅग घेतली आणि आत नेऊन भिंतीशी ठेवली. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी खुर्ची पुसली, पाठसुद्धा पुसली, आणि ती बसेपर्यंत बाजूला उभे राहिले.